करते, म्हणाले होते

सोमवार, रात्री

काल उपासना संपली, दारात सगळ्यांचं सलाम-सलाम चाललं होतं आणि फाटकापाशी काकू उभ्या दिसल्या. पहाटे मिरजेहून अनवाणी निघालेल्या. आधी गणपती केला, मग विचारत विचारत चर्चपर्यंत आल्या. चपला पिशवीत, पाय घोट्यापर्यंत चिखलानं माखलेले, हातात स्टीलचा डबा. माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "अण्णा घरी आले बघ परवा. तुझ्या येशूनं ऐकलं."

डब्यात भडंग होतं. लसूण असा खमंग तळलेला की झाकण न उघडताच वास येत होता. मी म्हणाले, "देवाची कृपा." आणि डबा घेतला.

प्रार्थना मी केलीच नव्हती.

विसरले असंसुद्धा धड म्हणता येत नाही. तीन आठवड्यांपूर्वी मिरजेच्या स्टँडवर भेटल्या, अण्णांच्या बायपासची तारीख मिळाली म्हणाल्या, "तुझ्या देवाला तेवढं सांग गं." माझ्या एका हातात मेथीची पेंडी, डोळा सांगलीच्या बसवर. म्हणाले, "करते काकू, रोज करते." रोज! रोजचं कुणी मागितलं होतं? बस आली, खिडकीची जागा मिळाली, विषय संपला.

काकूंनी तीन ठिकाणी सांगितलं होतं. मिरासाहेबांना चादर बोलल्या होत्या, ती चढवून झाली. गणपतीला चालत येईन म्हणाल्या, आल्या, दहा किलोमीटर. तिसरा अर्ज माझ्या हातात दिलेला, तो माझ्या पर्सच्या बाहेरच निघाला नाही. आणि पोच घ्यायला मात्र मी पहिली.

मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातले ते दोन मुलगे कालपासून डोक्यातून जात नाहीत. बाप म्हणतो, द्राक्षमळ्यात कामाला जा. एक नाही म्हणतो आणि मग जातो, दुसरा हो म्हणतो आणि जातच नाही. आमच्या तासगावच्या भावाला हा दुसरा चांगला माहीत आहे. ऑक्टोबर छाटणीला "सकाळी सातला येतो" म्हणणारे गडी दरवर्षी त्याला भेटतात. पण त्यातला एकही न येता संध्याकाळी मजुरी मागायला येत नाही. मी ती घेतली. वर घरी आल्यावर दोन मुठी भडंग खाल्लं.

खरं सांगायचं तर रागही आला. सगळे मलाच का सांगतात? पोराची परीक्षा, सुनेचं बाळंतपण, कुणाची जमिनीची केस. ख्रिस्ती बाई म्हणजे काय टपालपेटी? माझ्यासाठी कोण करतं? आणि ऑपरेशनच्या प्रार्थना मी कमी केल्यात का? ह्यांच्या वेळी चाळीस दिवस एकवेळ जेवले होते. असो. ते आज नको.

आजीला हे जमायचं. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती, वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या. तिच्याकडे एक लांबट वही होती, पेन्सिल दोरीनं बांधलेली. कुणी "प्रार्थना कर" म्हटलं की आधी वही उघडायची, मग तोंड. बरा झाला की नावापुढे फुली, गेला तरी फुलीच. लहानपणी मी विचारलं, दोन्हीला एकच खूण कशी? म्हणाली, माझं काम दोन्हीकडे तेवढंच झालं ना. वही कुठे गेली कोण जाणे. २०१९ च्या पुरातच गेली असणार, खालच्या कपाटात होती.

त्या पुरात, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा, काकूंनी "करते" म्हटलं नव्हतं. अण्णा टेंपो घेऊन आले होते. नऊ दिवस आम्ही त्यांच्या माडीवर. नऊ दिवस काकू रोज विचारायच्या, "तुमची प्रार्थनेची वेळ झाली काय?" आणि टीव्हीचा आवाज कमी करायच्या.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला. ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात यावेत, बाप्तिस्मा झालेले, न झालेले, असा त्यांचा विचार होता. काकू तिथे सरळ आत गेल्या असत्या. माझं नाव दारावर वहीत शोधावं लागलं असतं.

एक गोष्ट मात्र आज भांडी घासताना सुचली आणि हसू आलं. मी प्रार्थना केली नाही तरी अण्णा ठणठणीत. म्हणजे देवाचं माझ्यावाचून काही अडलं नाही. याचं बरं वाटावं की वाईट, ते ठरेना. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या सहीशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

डबा धुऊन पालथा घातलाय. रिकामा द्यायचा नाही, आणि त्यात घालायला घरात काही नाही. शेवटी साडेआठला फोन लावला.

"काकू, मी प्रार्थना केली नव्हती. स्टँडवर नुसतं म्हणाले होते."

पलीकडे टीव्ही चालू होता. कुणीतरी आवाज कमी केला.

"बरं मग," काकू म्हणाल्या, "शुक्रवारी टाके काढायचेत. तेवढं बघ."

"करते," म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. मग जीभ चावली आणि फोन न ठेवता तिथेच, ओट्याला टेकून, डोळे मिटून केली. फार काही सुचलं नाही. अण्णांचं नाव घेतलं, टाक्यांचं सांगितलं, डॉक्टरच्या हाताचं सांगितलं, माझं थोडं सांगितलं. आमेन म्हणाले आणि थांबले.

"हॅलो?" काकू म्हणाल्या. "हॅलो? कट झाला काय गं?"