मीटर गेला

रविवार, रात्री साडेअकरा

खोलीत अजून तो वास आहे. मघाशी आईने बाहेरून हाक मारली, "गॅसवर काही ठेवलंयस का रे? करपतंय." गॅसवर नव्हतं, टेबलावर होतं.

महिनाभर रविवारी-रविवारी जमवलेला पॉवर सप्लाय आज डब्यात बसला. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एलएम ३१७ (व्होल्टेज स्थिर ठेवणारी रेग्युलेटर चिप), आणि दर्शनी बाजूला लाल-निळ्या आकड्यांचा व्होल्ट-अँपिअर मीटर. स्विच टाकला, आकडे उजळले. फोटोसाठी फोन उचलेपर्यंत विझलेही, आणि मीटरच्या कडेने धुराची बारीक रेघ.

पहिला राग दुकानदारावर. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीतून आणला होता. मनातल्या मनात त्याचा उद्धार केला. सप्लायचं आउटपुट मल्टिमीटरवर ५.०२ व्होल्ट, म्हणजे बाकी सगळं ठणठणीत. मीटरच्या पाठीवरच्या चिमुकल्या रेग्युलेटरच्या पोटावर फोड, इनपुट आणि ग्राउंडमध्ये मल्टिमीटरची सरळ बीप. शॉर्ट. मालच खराब!

दुसरा मीटर होताच. (मी नेहमी दोन घेतो. स्वतःची खात्री नाही, दुसरं काय.) तो जोडायच्या आधी, का कोण जाणे, मीटरला वीज देणारी बारीक लाल वायर जिथे लागते तिथे मल्टिमीटरची टोकं टेकवली. ३६.८ व्होल्ट. मीटरला चालतात फार तर ३०.

२४चा ट्रान्सफॉर्मर म्हणजे २४ येणार, असं मी धरून चाललो होतो. ते २४ आरएमएस, म्हणजे एसीच्या लाटेची एक प्रकारची सरासरी; शिखर त्याहून उंच. कपॅसिटर भरतो लाटेच्या शिखरापर्यंत: २४ गुणिले १.४१४, जवळपास ३४. ब्रिजचे डायोड दीडेक व्होल्ट खातात खरे, पण लोड नसताना ट्रान्सफॉर्मर जास्तच देतो, शिवाय रात्री आमच्याकडे मेनचा दाब वाढून २४४ व्होल्ट. हेच गणित गेल्या मंगळवारी मी बारावीच्या पोरांना फळ्यावर करून दाखवलं. वर एकाला चुकलं म्हणून टोमणाही मारला.

एलएम ३१७ वाचला, कारण तो इनपुट-आउटपुटमधला फरक बघतो आणि ४०पर्यंत सोसतो. मीटरचे व्होल्ट खाली आणायला घाईघाईत ७८१२ (१२ व्होल्टचा रेग्युलेटर) काढला होता. त्याची इनपुटची हद्द ३५, हे सोल्डरिंग गन तापता तापता आठवलं. नाहीतर आज दोन तिरड्या. शेवटी १२ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज १२वर अडवून धरणारा डायोड) आणि १ किलोओहमचा रेझिस्टर, एक वॉटचा. नवा मीटर आधी ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावून पाहिला, १४ मिलिअँपिअर घेतो. रेझिस्टरमधून येतात पंचवीसेक, उरलेले झेनरचे. रेझिस्टर तापतो, बोट टिकत नाही, पण चालेल.

स्विच टाकताना मान वळवून घेतली होती. ५.०.

आई दारात येऊन, "काय जळलं शेवटी?"

"मीटर. खराब निघाला."

खरं उद्या सांगतो तिला.