डीएनए परत, शेरा तोच: कडा करप्याच्या जिवाणूचा माझा अनुभव

भाताची पानं कडेने करपवणाऱ्या जिवाणूचा डीएनए वाचून हवा होता, पण सिक्वेन्सिंगवाल्यांनी नमुना तीनदा परत पाठवला. शेरा एकच, '२६०/२३० कमी', म्हणजे या दोन तरंगलांबींवर (नॅनोमीटर) शोषलेल्या प्रकाशाचं गुणोत्तर कमी, डीएनएत भेसळ आहे. का कमी, ते फोनवरही कुणी सांगेना.

खाचरातल्या पानातून कडा करप्याचा झँथोमोनास ओरायझी काढणं अवघड नाही. फक्त प्लेटवर दुसऱ्याच दिवशी उगवलेल्या पिवळ्या कॉलनीवर भाळू नका, ती बहुधा पँटोइया या दुसऱ्याच जिवाणूची असते. आपला जिवाणू २८ अंशांवर तीन-चार दिवस घेतो.

घोडं अडलं डीएनएपाशी. हा जिवाणू झँथन नावाचा डिंक सोडतो आणि तो आयसोप्रोपेनॉलमध्ये डीएनएबरोबरच खाली बसतो. प्रथिनांची भेसळ दाखवणारं २६०/२८० मात्र १.८, म्हणजे ठीक, दिसतं, म्हणून आपण निर्धास्त. तळाची गोळी काचेसारखी बुळबुळीत असेल, विरघळायला कुरकुरत असेल, तर डिंक समजा. डीएनए काढायच्या तयार किटने जमलं नाही, सीटॅब या डिंक पकडणाऱ्या, साबणासारख्या रसायनाने जमलं. एसडीएस (पेशी फोडणारं डिटर्जंट) आणि प्रोटिनेज-के (प्रथिनं तोडणारं विकर) घालून ३७ अंशांवर तासभर ठेवलेल्या पेशींच्या ६०० मायक्रोलिटर द्रावणात आधी ५ मोलर मीठ १०० मायक्रोलिटर, मग सीटॅब ८० (०.७ मोलर मिठात १० टक्के), आणि ६५ अंशांवर १० मिनिटं. मीठ अर्ध्या मोलरच्या खाली राहिलं तर सीटॅब डीएनएलाच घेऊन बसतो, म्हणून हा क्रम. पुढे क्लोरोफॉर्म, मधला पांढरा थर दिसेनासा होईपर्यंत. बर्फावर ठेवू नका, गारव्याने सीटॅबच थिजतो.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: डीएनएसाठीचं कल्चर सुक्रोज घातलेल्या माध्यमात वाढवू नका. त्यावर कॉलनी टपोरी दिसते, पण तो टपोरेपणा डिंकाचाच. साधा न्यूट्रिएंट ब्रॉथ पुरे.

एवढा आटापिटा लांब रीडसाठी, म्हणजे डीएनए एका दमात लांबवर वाचला जावा म्हणून. रोगाची किल्ली असलेले टाल जीन १०२ अक्षरांच्या (अक्षर म्हणजे डीएनएचा एक बेस), जवळपास सारख्या तुकड्यांच्या माळेने बनतात. १५० अक्षरांचं रीड माळेत कुठलं ते कळत नाही, सगळे तुकडे एकावर एक चढतात. पीएक्सओ९९ए या फिलिपिन्सच्या स्ट्रेनमध्ये असे १९ जीन आहेत. या जीनपासून बनणाऱ्या प्रथिनात प्रत्येक तुकड्याची १२ वी-१३ वी अमिनो आम्लं भाताच्या डीएनएतलं एकेक अक्षर हेरतात. त्यातलंच पीटीएचएक्सओ१ हे प्रथिन भाताचा स्वीट११ जीन चालू करतं आणि पेशीतली साखर बाहेर पडते. दोन तुकडे गाळले गेले तर लक्ष्यच चुकीचं निघतं.

आणि व्होर्टेक्स (नळी गरगर हलवणारं यंत्र) नको. पिपेटला रुंद तोंडाचे टिप वापरा, नाहीतर डिंक गेला तरी डीएनएचे तुकडे होतात आणि नमुना चौथ्यांदा परत येतो.