ऑस्करसाठी घरचेच गप्पी

आमचा ऑस्कर, म्हणजे टाकीतला शिकारी मासा, आता वीतभर झालाय, पेलेट्स (कोरड्या खाद्याच्या गोळ्या) खातो नीट, पण जिवंत मासा दिसला की त्याचा अवतारच बदलतो, म्हणून त्याला खायला द्यायला बाल्कनीत गप्पींचा, म्हणजे छोट्या माशांचा, वेगळा टब लावलाय. दुकानात फीडर, म्हणजे मोठ्या माशांचं खाद्य, म्हणून छोटे गोल्डफिश मिळतात ते मी आणत नाही. एक तर खचाखच भरलेल्या टाकीतून व्हाइट स्पॉट हा माशांचा रोग फुकटात घरी येतो, आणि गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी१ व्हिटॅमिनची वाट लावतं, सारखं तेच घातलं तर माशाला त्रास होणारच. गप्पीत ही भानगड नाही.

दोन-तीन माद्यांमागे एक नर, पाणी 25-26 डिग्री, स्पंज फिल्टर आणि भरपूर जावा मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झाड), बास. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, साधारण चार आठवड्यांनी, आणि एकदा नर भेटला की पुढची काही बाळंतपणं साठवलेल्या शुक्राणूंवरच काढते! पोट चौकोनी दिसायला लागलं, शेपटीकडचा काळा डाग गडद झाला की समजायचं आज-उद्यात होणार. मॉस नसेल तर आईच पिल्लं गट्टम करते, माया वगैरे काही नाही.

पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक चालतो पण पाणी लगेच नासतं, त्यापेक्षा आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखा जीव) बरा. ऑस्करला द्यायच्या आधी गप्पींना स्पिरुलिना (पौष्टिक शैवाल) पोटभर चारायचं, ते त्याच्याच पोटात जातं. ऑस्करला गप्पी आठवड्यातून एकदाच हां, नाहीतर साहेब पेलेट्सकडे ढुंकून बघत नाहीत. जास्त झालेले गप्पी आमचा दुकानदार घेतो, पैसे नाही देत, फूडचं पाकीट देतो.