दिवाळे जेट्टीवरच्या कालवांच्या माळा : पावसाळ्यानंतरची प्रगती

मंडळी, शिंपल्यांच्या माळांना कालवं (ऑयस्टर) धरली! एखाद-दुसरं नाही, वरच्या जवळजवळ सगळ्या शिंपल्यांवर.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात कालवं फोडणाऱ्या मावशींकडून रिकाम्या शिंपल्या घेतल्या, कित्येक महिने कडक उन्हात तापवल्या, भोकं पाडून नायलॉनच्या दोरीत ओवल्या आणि एका ओळखीच्या दादांच्या होडी बांधायच्या खांबाला, त्यांना विचारून, बांधल्या. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग त्याला घट्ट जागा लागते. एकदा चिकटलं की जन्मभर तिथेच. खाडीचा तळ मात्र सगळा चिखल. जेट्टीचे खांब कालवांनी भरलेले दिसतात ते त्यामुळेच. आपल्याकडे बीज (तरंगती पिल्लं) आहे, बसायला जागा नाही, हे माझं मत आता पक्कं झालंय.

भिंगातून पाहिलं तर पिल्लं तीन-चार मिलिमीटरची, चपटी, कडेला जांभळट झाक. खालच्या शिंपल्यांवर मात्र गाळाचा मऊ थर साचलाय आणि त्याखाली एकही पिल्लू नाही. अगदी वर, जिथे ऊन जास्त वेळ लागतं, तिथे बार्नेकलनी (खडकांना चिकटून राहणाऱ्या छोट्या कवचधारी जीवांनी) जागा बळकावली. मधला हातभर पट्टा आपला. भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या, दिवसांतही तो रोज पाण्याखाली जातो.

कालवं पाणी कितपत गाळतात ते बघायला दोन बादल्या खाडीच्या पाण्याने भरून एकीत मोठ्या कालवांचा झुबका ठेवला. साध्या बादलीतला गाळही बसतोच, म्हणून ती शेजारी हवीच. पण कालवांच्या बादलीतलं पाणी कितीतरी आधी निवळलं आणि तळाशी शेवयांसारखे चिकट तुकडे दिसले. कालव जे खात नाही ते चिकट स्रावात गुंडाळून बाहेर टाकतं, ते हेच.

एक प्रौढ कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो आकडा अमेरिकेतल्या जातीचा, तोही सगळं अनुकूल असतानाचा. न्यूयॉर्क बंदरात २०१४ पासून 'बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट' चालू आहे, २०३५ पर्यंत १०० कोटी कालवांचं लक्ष्य आहे. त्यांची जिद्द घ्यावी, आकडा आपल्या गढूळ खाडीला तसाच लावू नये.

कळकळीची विनंती : ही कालवं कोणी खाऊ नका. खाडीत सांडपाणी येतं, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा शेजारी आहे आणि कालवं जड धातू अंगात साठवतात. शिवाय तिवरांत किंवा उघड्या चिखलावर शिंपल्यांचे ढीग टाकू नका. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला तो त्या चिखलावर जगणाऱ्या पक्ष्यांमुळेही. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) तिथेच चरतात. आपण फक्त आधीपासून उभ्या असलेल्या खांबांना माळा बांधायच्या.

पुढे चुना लावलेली कौलं टांगून बघणार आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतिकोरिनला कालवांचं बीज धरायला तीच वापरली होती.

खरी काळजी पुढच्या पावसाळ्याची. गोडं पाणी आलं की कालव शिंपला मिटून काही दिवस तग धरतं, पण ते लांबलं तर मरतं. खारं पाणी जड, ते खाली राहतं, म्हणून माळा खाली सोडाव्यात तर तिथे गाळ. निम्म्या माळा आहेत तिथेच ठेवून निम्म्या थोड्या उतरवाव्यात असं सध्या मनात आहे. ऐरोली किंवा वाशीकडे कोणी आषाढ-श्रावणात खारटपणा मोजला असेल, तर तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि खोलीसह नोंदी नक्की कळवा.