तीन गाड्या, एक मिस्त्री आणि सरांची पेट्रोलची वही

आईचे गुडघे दुचाकीवर बसू देईनात आणि पोरगी टाकीवर मावेना, तेव्हा चारचाकी घ्यायची हे घरात ठरलं. नव्या गाडीचा हप्ता मांडून बघितला आणि गप्प बसलो. जुनी, पेट्रोलची, साडेतीन लाखांच्या आतबाहेर, कराड ते कोल्हापूर निमूट जाऊन येणारी, एवढीच अट. बायकोची आणखी एक अट होती, पांढरा रंग नको. ती पुढे मोडली.

गाड्यांतलं मला काही कळत नाही. म्हणून मामांच्या गाडीचं काम पंधरा वर्षं बघणाऱ्या मिस्त्रींना बरोबर घ्यायचं ठरवलं. गाडी बघायला यायचे दीड हजार आणि जेवण. बायको म्हणाली, नुसतं बघायचे दीड हजार? पहिल्याच दिवशी ते वसूल झाले.

पहिली गाडी पुण्यात एका डीलरकडे. २०१८ची, एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी पासिंग, २,९०,०००. त्याच मॉडेलला दुसरीकडे चार लाख मागत होते. "पार्टीला पैशाची गरज आहे," हे डीलरचं स्पष्टीकरण. गाडी आरशासारखी चकचकीत, नवी सीट कव्हरं, आत अत्तर सांडल्यासारखा वास. मी मनातल्या मनात आईला पुढच्या सीटवर बसवूनही मोकळा झालो होतो.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढत राहिले, पार शेवटपर्यंत. एरवी कुणी एवढा ओढत नाही, त्यामुळे धुणाऱ्याचा हातही तिथवर पोचत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या रंगाची आडवी रेघ होती. मग पुढची सीट मागे सरकवली, मोबाईलचा टॉर्च खाली मारला. सीट ज्यावर सरकते त्या लोखंडी पट्ट्यांना गंज, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूच्या स्क्रूंना गंज. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्यात वाळलेली बारीक माती. बाहेर येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, पाण्यातनं काढल्याली हाय ही. चला, मिसळ खाऊ."

मिसळ खाता खाता मी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला. दुसरा मालक, ऑक्टोबर २०२१ पासून. चिपळूण पाण्याखाली गेलं ते जुलै २०२१ मध्ये. रत्नागिरी पासिंग म्हणजे पुरातली गाडी असं मुळीच नाही, तिकडच्या हजारो गाड्या ठणठणीत आहेत. पण गंज, माती, पट्ट्यावरची रेघ आणि ही तारीख चौघं एकच सांगत होते. मिस्त्रींनी त्यामागचा व्यवहार समजावला. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या, म्हणजे गाडीचा विमा जेवढ्या रकमेचा असतो तिच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा विकून टाकते. घेणारा धुतो, वाळवतो, कव्हरं चढवतो. कागद सगळे खरे असतात. गाडी चालूही होते. वायरिंगचे कनेक्टर मात्र आतून सावकाश सडत राहतात. आज काच खाली होत नाही, उद्या एअरबॅगचा दिवा लागतो, परवा गाडी घाटात बंद.

दिव्याचं निघालं म्हणून त्याच वेळी शिकलेली एक गोष्ट. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, मीटरवर इंजिनचा आणि एअरबॅगचा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मी आजवर दिवा लागला की घाबरायचं एवढंच धरून चाललो होतो. न लागलेला दिवा जास्त वाईट. म्हणजे कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

दुसऱ्या गाडीवर फार वेळ गेला नाही. सांगलीत, ओळखीच्यांच्या ओळखीतून. २०१६ची, मीटरवर ४६,०००. ब्रेकच्या पॅडलचं रबर पार गुळगुळीत, स्टिअरिंगचं कातडं तुळतुळीत. मालक शपथेवर सांगत होते की गाडी फक्त लग्नकार्याला बाहेर निघते. मिस्त्रींनी बॉनेट वर केलं. बॅटरीच्या शेजारी ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर, कोपरे उडालेलं, पण बॉलपेनातला आकडा वाचता येत होता. पुढचं ऑइल ८१,०००ला. मीटर मागे घेणारा ते स्टिकर काढायला विसरला होता. मालकही ते बघून खरोखर चकित झाल्यासारखे वाटले. कदाचित त्यांनीच ती तशी घेतलेली असावी. चहा न घेता निघालो.

तिसरी गाडी साताऱ्याची. निवृत्त शिक्षक, पहिलेच मालक, २०१७ची वॅगनआर, पांढरी, ६१,००० किलोमीटर, मागणी ३,६०,०००. फोनवर मी एकच विनंती केली, "सर, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका." पुण्याचा डीलर गाडी तापवून तयार ठेवत होता. ती सेवा नव्हे, हे आता कळलं होतं. इंजिन थंड असताना सुरू करतानाच खरं काय ते दिसतं. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. सकाळी साडेसातला पोचलो. मिस्त्रींनी आधी बॉनेटवर तळवा ठेवला, रुग्णाच्या कपाळावर ठेवावा तसा. गार होतं. पहिल्या चावीला सुरू, धूर नाही. ऑइलचं झाकण आतून बघितलं, दुधट साय नाही. तशी असली तर कूलंटचं पाणी ऑइलमध्ये मिसळत असण्याची भीती. चॅसिस नंबर आरसी बुकाशी एकेक अक्षर लावून बघितला.

मग दोष निघायला लागले. मागचा डावा दरवाजा परत रंगवलेला. पुढचा बंपर बदललेला. चारही टायरवर २२१९, म्हणजे २०१९ सालच्या २२व्या आठवड्यात बनलेले. नक्षी थोडी शिल्लक होती, पण सहा वर्षांचं रबर कडेनं तडकलेलं. खड्ड्यातून जाताना पुढून खटखट. चढावर चौथ्या गिअरमध्ये दाबली की इंजिन ओरडतं आणि गाडी जागच्या जागी. क्लच संपत आलेला.

मी हिरमुसलो. तेवढ्यात सरांनी आतून एक दोनशे पानी वही आणली. आठ वर्षांत प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल त्यात होतं. तारीख, मीटर, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईत ॲव्हरेज. मधेमधे इतर नोंदी. "बंपर, रु. ६,२००, भाजी मंडई, रिक्षा." "डावा दरवाजा, गेटचा खांब, चि. चालवत होता." मार्च २०२०नंतर अडीच महिने एकही नोंद नाही. टाळेबंदी. टायरची नोंद ऑगस्ट २०१९ची होती, ३४,०००वर. टायरवरच्या आकड्याशी बरोबर जुळणारी.

मिस्त्री ती वही दहा मिनिटं वाचत होते. मला वाटलं आता कौतुक करतील. ते बोट ठेवून म्हणाले, "सर, गेल्या दिवाळीपास्नं ॲव्हरेज १९ वरनं १६ वर आलंय. क्लच तवापास्नं घसरतोय." सर थोडे ओशाळले. पोराने पुण्याला नेऊन आणल्यापासून जरा जड वाटते, म्हणाले. स्वतःच्या वहीनंच पकडून दिलं होतं त्यांना.

परतीच्या वाटेवर माझी कुरकुर चालू होती. क्लच गेला, टायर गेले, दरवाजा रंगवलेला. मिस्त्री म्हणाले, "त्या दोन गाड्यांत एक तरी दोष दिसला हुता का? हिचं सगळं दिसतंय, सगळ्याला पैशात भाव हाय. तुम्ही फक्त बेरीज करा." घरी बसून केली. क्लच मजुरीसकट ९,०००, चार टायर १५,०००, पुढचं सस्पेन्शन आणि अलाइनमेंट ४,५००, बॅटरी दम तोडत होती तिचे ४,५००. एकूण ३३,०००. कागदांचा खर्च वेगळा धरला. विम्याच्या पॉलिसीतली घोषित किंमत ३,०५,००० होती. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला घसाऱ्याचा तक्ता असतो, चार ते पाच वर्षांला ५० टक्के. त्यापुढे कंपनी आणि मालक संमतीनं आकडा ठरवतात, म्हणून तो बाजारभाव धरू नये. पण बोलणी कुठल्या पट्ट्यात करायची ते कळतं.

दुसऱ्या रविवारी तीच बेरीज कागदावर लिहून सरांपुढे ठेवली. घासाघीस अशी झालीच नाही. त्यांनी शिक्षकी सवयीनं बेरीज तपासली, टायरच्या भावावर शंका काढली, ओळखीच्या दुकानात फोन लावला आणि भाव बरोबर निघाल्यावर ३,२५,०००ला मान हलवली. काकूंना तो आकडा पटला नाही हे त्यांच्या कपबशीच्या आवाजावरून कळलं.

आता कागद. इथे मी जवळजवळ घसरलो. गाडी बघताना ॲपवर मी फक्त मालक आणि विमा बघितला होता. खालच्या ओळीत बँकेचा बोजा अजून चढलेला होता. कर्ज २०२१लाच फिटलं होतं आणि बँकेचं ना हरकत पत्र सरांनी जपून फाईलला लावलेलं होतं. त्यांच्या समजुतीनं काम तिथेच संपलं. पण फॉर्म ३५ भरून बोजा उतरवल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही, आणि पत्र जुनं म्हणून बँकेकडून नवं आणावं लागलं. शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली. तीन आठवडे गेले. मी दहा हजार इसार देऊन पावती केली होती आणि तिच्यात लिहून घेतलं होतं की बोजा उतरल्यावरच उरलेली रक्कम. रोख पूर्ण देऊन बसलो असतो तर ते तीन आठवडे झोप लागली नसती. वेगाचे दोन ई-चलनही निघाले, तारखा चिरंजीवांच्या पुणेवारीच्या. सरांनी त्याच दिवशी भरले.

नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायची राहिली होती. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना ती बसवून घ्यायची आहे, आणि ती असल्याशिवाय आरटीओतलं काम पुढे सरकत नाही असं एजंटानं सांगितलं. तीही सरांच्याच नावावर नोंदवली. मग गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्या. ताबा घेताना पावतीवर तारीख आणि वेळही घातली, दुपारी १२.४०. हा हट्ट सरांचा आणि अगदी योग्य. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्याकडे येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी विकली, पण नाव बदललं नाही, असे कितीतरी लोक निवांत झोपलेले असतात.

विम्याचा एक फटका मी मोजलाच नव्हता. सरांना ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, होता. तो गाडीचा नव्हे, माणसाचा असतो, त्यांच्याचकडे राहिला. पॉलिसी १४ दिवसांत माझ्या नावावर करून घेताना फरकाची रक्कम भरावी लागली. एजंट, आरटीओ, विमा मिळून १३,८०० गेले. दुरुस्ती ३३,००० ऐवजी ३७,४००वर थांबली, कारण क्लच खोलल्यावर रिलीज बेअरिंगही वाजत होतं. मिस्त्रींचे बघायचे दीड हजार तीनदा. म्हणजे गाडी मला ३,२५,०००ला नाही, पावणेचार लाखांच्या पुढे पडली. बायकोला हा आकडा मी टप्प्याटप्प्यानं सांगितला.

परवा सरांचा फोन आला. आरसी माझ्या नावावर झाल्याचा मेसेज त्यांनाही मिळाला होता, पण विचारायचं वेगळंच होतं.

"ॲव्हरेज काय देतीये?"

"क्लच बदलल्यापासून साडेअठरा, सर."

"लिहून ठेवताय ना?"

नाही म्हणायचं धाडस झालं नाही. फोन ठेवायच्या आधी टायर कुठल्या कंपनीचे घातले आणि कितीला पडले तेवढं त्यांनी विचारून घेतलं. मागे काकूंचा आवाज येत होता, "आता पुरे, विकली ना ती गाडी!"