शंभरातले किती पोचतात?

आम्ही कॅन्सरचे रुग्ण आणि संशोधन यांसाठी देणग्या जमवणारे स्वयंसेवक. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. देणगीपेटीत पैसे टाकण्याआधी, आणि बऱ्याचदा न टाकताही, हाच प्रश्न येतो: शंभर दिले तर कॅन्सरच्या रुग्णापर्यंत त्यातले किती पोचतात? त्याच्या मागोमाग दुसरा: तुम्ही सगळे तर फुकट काम करता, मग खर्च कसला?

फुकट काम करणाऱ्यांनाही पावतीपुस्तकं छापावी लागतात. पेट्यांना क्रमांकाची सीलं लागतात. ऑनलाइन देणगीतून पैसे वळते करणारी कंपनी आपला वाटा कापते. हिशेब तपासणारा फी घेतो, आणि ती द्यावीच, कारण फुकट तपासून देणारा बहुधा कार्यकारिणीतल्याच कुणाचा तरी मित्र असतो. निधीसाठी लोकांना घेऊन चालण्याचा कार्यक्रम ठेवला की रुग्णवाहिका, पाणी, विमा, परवानगी. टी-शर्ट मात्र टाळावेत. मापं आधी कळवावी लागतात, लोक ऐनवेळी बदलतात, आणि उरलेले गठ्ठे कुणाच्या तरी माळ्यावर पडून राहतात.

एका मोहिमेत खर्च शून्य आणि जमले दोन हजार. दुसरीत तीन हजार खर्चून जमले दहा हजार. टक्के बघाल तर पहिली सरस, पण कामासाठी दुसरीत पाच हजार जास्त उरले. हे समजावताना आमचा आवाज चढतो, कबूल. पण सात हजार खर्चून दहा हजार जमवणारे कार्यक्रमही असतात, आणि ‘जनजागृती झाली’ म्हणून ते झाकले जातात. तिथे तुमचा संशय रास्त आहे.

पेटी उघडायची पद्धत एकदा बघाच. सीलचा क्रमांक नोंदवहीशी जुळवायचा. मोजायला दोघं, एकमेकांचे नातेवाईक नसलेले. नोटा-नाणी वेगळी करून दोनदा मोजायची, तक्त्यावर दोघांच्या सह्या, आणि बँक उघडी असेल त्या पहिल्या दिवशी भरणा. पेटीतल्या पैशातून चहासुद्धा नाही. खर्च झाला तर बिल देऊन वेगळा घ्यायचा. पावती चुकली तर फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवायच्या. हे चोरी पकडण्यापुरतं नाही. एकट्याने पेटी मोजली आणि उद्या कुणी बोट दाखवलं, तर त्या माणसाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करायला काहीच हाताशी नसतं.

आता ज्या मोहिमेत शंभरातले शंभर देण्याचा शब्द दिला होता, तिच्याबद्दल. एका तरुण रुग्णासाठी आवाहन होतं. फोटो, नाव, आणि खाली ठळक ओळ: ‘जमलेली सर्व रक्कम याच्याच उपचारांसाठी’. छपाईचा खर्च सदस्यांनी खिशातून केला. तुमच्या मोजपट्टीवर ही आदर्श मोहीम. रुग्णालयाने सहा केमोचा अंदाज दिला होता. रक्कम नातेवाइकांच्या हाती न देता बिलापोटी थेट रुग्णालयात भरायची, हेही नीट ठरलं होतं. तिसऱ्या केमोनंतर संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घसरल्या, ताप आला, संसर्ग रक्तात पसरला. केमोत ही भीती असतेच, म्हणून ताप आला की रात्रीसुद्धा रुग्णालय गाठायला सांगतात. तो आयसीयूतून परत आला नाही.

सगळी बिलं चुकती करूनही बरीच रक्कम उरली. त्याच्या वडिलांनी विचारलं, पैसे त्याच्याच नावाने आले होते ना? घरावर कर्ज होतं. पहिल्या तपासण्या, प्रवास, रुग्णालयाजवळची भाड्याची खोली, सगळं त्यांनी उसनवारीवर केलं होतं. काही देणगीदार म्हणाले, कुटुंबाला द्या. काही म्हणाले, दुसऱ्या रुग्णाला. काहींनी रक्कम परत मागितली आणि ती आम्ही परत केली. पेटीत रोख टाकणाऱ्यांना शोधायचं कुठे? आणि फलकावर तर ‘उपचारांसाठी’ लिहिलेलं. कर्ज म्हणजे उपचार का? त्या वेळी आम्ही ठामपणे ‘नाही’ म्हणालो. नियमाच्या मागे उभं राहणं सोपं होतं. आज तो नकार बरोबर वाटतो का, यावर आमच्यातच दोन तट आहेत. मुक्कामाची खोली हा उपचाराचाच भाग नाही का? रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं. यायची सोय नसेल तर मोफत मशीनही निरुपयोगी. हे तेव्हाही ठाऊक होतं.

आता प्रत्येक आवाहनावर एक ओळ असते: उपचार संपले, थांबले किंवा खर्च अंदाजापेक्षा कमी झाला, तर उरलेली रक्कम रुग्णसाहाय्य निधीत जाईल. रुग्णाच्या घरच्यांना ती आधी वाचून दाखवावी लागते. आजारी मुलाच्या आईसमोर ‘थांबले’ हा शब्द उच्चारायची जबाबदारी स्वयंसेवक एकमेकांवर ढकलतात.

1948 साली बॉस्टनच्या रुग्णालयात असलेल्या एका आजारी मुलाला ‘जिमी’ हे खोटं नाव देऊन रेडिओवरून मुलांच्या कॅन्सरवरील संशोधनासाठी आवाहन झालं होतं. चेहरा एकाचा, निधी सर्वांचा. त्याचं खरं नाव, आयनार गुस्ताफसन, लोकांना 1998 मध्ये कळलं, आणि तो तेव्हा जिवंत होता. त्याच काळात तिथले डॉ. सिडनी फार्बर मुलांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, औषध देऊन बघत होते. रोग हटायचा, पण थोड्याच काळात परत यायचा. पुढच्या दशकांत अनेकांनी त्यावर काम केलं म्हणून आज पुरेशी साधनं असलेल्या ठिकाणी त्या आजाराची बहुतेक मुलं बरी होतात. ‘रुग्ण समोर असताना संशोधन कशाला’ विचारणाऱ्यांना आम्ही हे सांगतो. मात्र पेटीतल्या पैशांवर औषधाची मोठी चाचणी होत नाही, हेही सांगायला हवं. एखाद्या विद्यार्थ्याची वर्षभराची शिष्यवृत्ती निघते, किंवा प्राथमिक प्रयोग होतो. बाहेरचे तज्ज्ञ अर्ज वाचतात, पैसे हप्त्याने जातात, अहवाल आला नाही तर पुढचा हप्ता थांबतो. ‘उपयोग झाला नाही’ असाही अहवाल येतो. तो आला की कार्यकारिणीत शांतता पसरते. खरं तर तोही छापायला हवा.

आमच्या त्या तरुण रुग्णाच्या मोहिमेतला, देणारा न सापडलेला रोखीचा भाग अजून वेगळ्या खात्यात आहे. दर वर्षी ताळेबंदात ती ओळ येते, आणि दर वर्षी कुणी तरी नवा सदस्य विचारतो, हे कसले पैसे?