टेनेमेंटची खोली, आठवडा ७: मधल्या भिंतीला खिडकी पडली

मंडळी, टेनेमेंट म्हणजे भाड्याच्या खोल्यांची दाटीवाटीची इमारत, आणि मी तिच्यातल्या एका घराची छोटी प्रतिकृती बनवतोय. मागच्या वेळी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीतलं हे बिऱ्हाड तुम्ही कोरं पाहिलंत. प्रमाण १:२४, म्हणजे तिथला एक फूट आपला अर्धा इंच. तीन खोल्या मिळून जेमतेम ३२५ चौरस फूट. चाळीत वाढलेल्याला यात नवल वाटणार नाही.

एकाच घराच्या दोन अवस्था करतोय: १९०० आणि जानेवारी १९१०. माणसं ठेवणार नाही, फक्त सामान. पहिल्या अवस्थेत शिलाई मशीन पुढच्या खोलीत, खिडकीला चिकटून. बाप घरीच शिवतो, आई आणि पोरी काज-बटण करतात, खाटेवर अर्ध्या शिवलेल्या विजारींचा ढीग (जुन्या अस्तराचा, छान जमलाय).

गडबड भिंतीत झाली. न्यूयॉर्कच्या १९०१ च्या कायद्याने जुन्या इमारतींतल्या अंधाऱ्या आतल्या खोल्यांना शेजारच्या खोलीत उघडणारी खिडकी पाडणं सक्तीचं झालं. म्हणजे १९१० ला ती हवीच. मला हे आठवलं वॉलपेपर चिकटवून झाल्यावर! कटर घसरला, कागद टराटरा फाटला. ठिगळ लावलं. दिसतंय, पण मागाहून पाडलेल्या खिडकीला शोभतंय, राहू दे.

दुसऱ्या अवस्थेत मशीन कोपऱ्यात, चादरीखाली. थोरली आता कारखान्यात जाते. दाराजवळच्या खिळ्याला तिची हॅट: पंचने पाडलेली चकती, त्यावर गॅलरीतल्या कबुतराच्या पिसाचा एक तंतू. तीनदा केली. टेबलावर पगाराचं पाकीट नाही, तांदळाच्या दाण्याएवढं संपाचं पत्रक आहे. २२ नोव्हेंबर १९०९ ला न्यूयॉर्कच्या कूपर युनियन सभागृहातल्या सभेत क्लारा लेमलिच या तरुण कामगार पोरीने यिडिशमध्ये (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) संपाची हाक दिली आणि ब्लाउज शिवणारे सुमारे २०,००० कामगार बाहेर पडले, त्यात बहुतेक तरुण पोरीच. घरात आईला पैसे मोजून देणारी मुलगी आता रिकाम्या हाताने येते, तीही हॅट घालून. बापाची खुर्ची मी पत्रकाकडे पाठ करून ठेवलीय.

एकाने सुचवलं, भिंतीवर मार्च १९११ चं कॅलेंडर लाव. त्या महिन्यात न्यूयॉर्कच्या ट्रँगल या ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्याला आग लागली, १४६ जीव गेले. नाही लावणार. जानेवारीत या घराला त्यातलं काय ठाऊक? शिवाय मग हॅटकडे कोण बघणार!

आता कोळशाची चूल. ग्रॅफाइटची पूड चोळून काजळी आणायचीय. पेन्सिलींचे तुकडे पडून असतील तर कळवा.